एक नंबरची बाटली

मी घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी मी कुत्र्यांना भ्यायचो, शाळेत मास्तरांना, आणि प्रयोगशाळेत लागल्यावर दर वेळी बर्नर पेटवताना. बोरुडे सर म्हणायचे, "कृपादान, प्रयोगशाळेत भित्राच माणूस बरा. धीट माणसं छत काळं करतात." ते ऐकून मला जरा बरं वाटायचं. पण एका रविवारी मला कळून चुकलं, की इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टींना भीत आलो होतो.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता तो. पाऊस रुसून दोन वर्षं झाली होती आणि अर्धा जिल्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, आणि बोरुडे सरांच्या डोक्यात तेव्हा तेल शिरलं होतं. शेंगदाण्याचं तेल वाट्यांमध्ये घालून गरम कपाटात ठेवायचं आणि रोज सकाळी त्याचा खवटपणा मोजायचा, हे माझं काम. नुसतं तेल पाचव्या दिवशी नाक मुरडायला लावायचं. त्यात एखाद्या झाडपाल्याचा अर्क थेंबभर टाकला, तर काही तेलं आठ दिवस काढायची, काही दहा. भुईआवळ्याचा अर्क टाकलेली वाटी मात्र अठराव्या दिवशीही ताजी होती. सर ती वाटी हातात धरून व्हरांड्यात फिरले आणि भेटेल त्या प्राध्यापकाला त्यांनी वास घ्यायला लावला.

"हवा तेलाला खायला येते," सरांनी मला समजावलं. "ह्या पाल्यात असं काहीतरी आहे, की ते पुढे होऊन म्हणतं, आधी मला खा. ते संपेपर्यंत तेलाला धक्का लागत नाही. माणसाच्या यकृतातही असंच काही होत असेल, म्हणूनच बायाबापड्या काविळीला हा पाला देत असतील. पण हे सिद्ध करायला वेळ लागेल. तोवर तोंड बंद ठेवायचं."

तोंड बंद ठेवणं मला जमलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती.

तो भुईआवळा आला होता राहीमावशीकडून. वाघदरा हे आमचं गाव, हिवरे बाजारच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात. माझे वडील तिथल्या चर्चमध्ये पाळक होते. मी सहा वर्षांचा असताना मला कावीळ झाली. वडिलांनी प्रार्थना केली, नगरहून औषधाची बाटली आणली, आणि दोन्हींनी उतार पडेना तेव्हा आई त्यांना न सांगता राहीमावशीकडे गेली.

राहीमावशीचं औषध मुक्यानं असायचं. झाडापाशी सुपारी आणि चिमूटभर हळद ठेवायची, कुणाला न विचारता पाला खुडायचा, आणि घरून निघाल्यापासून तिसऱ्या सकाळचं औषध देऊन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. रोग्यानंही बोलायचं नाही. औषध मागायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, विकायचं तर मुळीच नाही. एक शब्द सुटला की औषधाचा गुण गेला. मला आठवतं ते एवढंच, की आदल्या संध्याकाळी ती मला बघायला आली तेव्हा तिच्याच ओठांना हिरवं लागलेलं होतं, आणि सकाळी मी बोलू नये म्हणून आई माझ्या तोंडावर हात धरून बसली होती. मी बरा झालो. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की ती प्रार्थनाच होती, फक्त उशिरा पोचली.

तर बाहत्तरच्या डिसेंबरात मी ह्याच राहीमावशीच्या दारात जाऊन उभा राहिलो. डोंगरातल्या झऱ्याकाठी जो काही थोडा भुईआवळा उगवला होता, तो तिनं सावलीत वाळवून गोणपाटात बांधून ठेवला होता. मी तो सगळा मागितला. विकत नाही, लोकांच्या भल्यासाठी, असं बरंच काही बोललो. सायबासारखी पँट घातलेली होती मी.

"समदा नेतुस?" तिनं विचारलं.

"पुढच्या पावसात ढीगभर उगवेल, मावशी."

तिनं गोणपाट उचलून दिलं. मला तिनं काविळीतून काढलं होतं, म्हणजे मी तिच्या हातचाच होतो. नाही म्हणणं तिला जड गेलं असावं.

आम्ही त्या पाल्याचे दोन अर्क काढले. एक मिथाइल अल्कोहोलमध्ये, एक रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये. ही दोन्ही स्पिरिटं दिसायला पाण्यासारखी, दोन्हींना दारूचा वास; पाला उतरला की तो वास पाल्याच्या उग्र दर्पाखाली दबायचा. फरक असा, की रेक्टिफाइड स्पिरिट म्हणजे कडक दारूच, आणि मिथाइल पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग माणूस जातो. असे अर्क काढल्यावर आटवायचे असतात, म्हणजे स्पिरिट उडून नुसता चिकट गर राहतो. पण आटवायच्या काचेच्या यंत्राला सतत वाहतं पाणी लागतं आणि आमच्या नळाला पाणी चार दिवसांआड यायचं. म्हणून दोन्ही अर्क स्पिरिटातच, तपकिरी बाटल्यांमध्ये तसेच राहिले. मिथाइलची बाटली एक नंबरची, दुसरी दोन नंबरची. आणि सरकारचा कायदा असा, की रेक्टिफाइड स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून ते कुलपात ठेवायचं. मिथाइलला कुलूप लागत नसे. पिण्याजोगी दारू बंदोबस्तात आणि विष फळीवर, अशी आमची शिस्त होती. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मार्चात राहीमावशी नगरच्या बाजाराला आली आणि मला भेटायला कॉलेजात शिरली. मी तिला प्रयोगशाळा दाखवली. गरम कपाट दाखवलं, तराजू दाखवला. मग फळीवरची एक नंबरची बाटली उचलून तिच्यासमोर धरली.

"मावशी, तुमचं अख्खं गोणपाट ह्यात उतरलंय. ह्यातला एक चमचा म्हणजे तुमच्या पाटीभर पाल्याचा गुण."

तिनं बाटली उजेडाकडे धरून पाहिली. हिरवंकाळं पाणी होतं आत. "लईच काम केलंस रं," ती म्हणाली, आणि मी फुगलो. हे विष आहे, हात लावू नका, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण तसं म्हटलं असतं, तर माझ्या शहाणपणाचं पाणी उतरलं असतं.

रविवारी सकाळी उपासनेला जायच्या आधी मी तेलाचा खवटपणा मोजायला प्रयोगशाळेत गेलो. साडेसात वाजले असतील. फळीवर एक नंबरच्या बाटलीची जागा मोकळी होती. तिथे एक सुपारी ठेवलेली होती, आणि सुपारीशेजारी चिमूटभर हळद.

मी किती वेळ त्या सुपारीकडे पाहत राहिलो, मला सांगता येणार नाही. मग मी जिना उतरून पळालो. खाली जाऊन सहादेवला, आमच्या राखणदाराला, विचारलं, काल वर कोण आलं होतं.

"काल दुपारी एक म्हातारी आल्ती," सहादेव म्हणाला. "मुकी हुती बिचारी. तुमी च्या प्यायला गेल्ता. वर बोट दाखवलं, मी म्हनलं जा. का, काय गेलं का चोरीला?"

मुकी. म्हणजे तिच्या घरात कावीळ झाली होती. खडीच्या कामांवर टँकरच्या पाण्यानं काविळीची साथ चालली आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. तिच्याकडे पाल्याचं एक पानही उरलेलं नव्हतं, कारण ते सगळं मी नेलं होतं. मग ती आपलं औषध जिथं गेलं होतं तिथून, न मागता, न बोलता घेऊन गेली. तिच्या रीतीत ती चोरी नव्हतीच. झाडाला ठेवतात तशी सुपारी तिनं फळीला ठेवली होती.

आणि औषध सूर्य उगवताना देतात. सूर्य उगवून दीड तास झाला होता.

बोरुडे सर मागच्याच गल्लीत राहायचे. मी धापा टाकत सगळं सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून ते माझ्याबरोबर धावले. रेक्टिफाइडच्या कपाटाचं कुलूप त्यांनीच उघडलं.

"मिथाइलला उतारा एकच," ते म्हणाले. "दारू. ही दारू पोटात असली की शरीर आधी तिच्या मागे लागतं, आणि तेवढा वेळ मिथाइलचं विष बनत नाही. रेक्टिफाइड घेऊन जा. भरपूर पाण्यात मिसळून थोडं थोडं पाज आणि मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्यात आण. मी डॉक्टरांना उठवतो."

"किती वेळ आहे, सर?"

"सकाळी घेतलं असेल तर दुपारपर्यंत काही जाणवणारसुद्धा नाही. तेच तर वाईट. माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही. मग डोळ्यांपुढे धुकं येतं. धुकं आलं की समज, आपण उशिरा पोचलो." ते थांबले. "पण काविळीचा रोगी असेल तर दारूही त्याच्या यकृताला विषच आहे, कृपादान. हे ध्यानात ठेव."

म्हणजे नाही पाजली तर मरेल आणि पाजली तरी मरू शकेल. हे ध्यानात ठेवून मी सायकलवर टांग टाकली.

नगरपासून वाघदरा सहा कोस. एप्रिलचं ऊन, समोरून वारा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी पडलेली रानं. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण डोक्यात नुसते तास येत होते. सव्वासहाला दिलं, आता नऊ, म्हणजे पावणेतीन. पोचेन तेव्हा साडेतीन. दुपारपर्यंत वेळ आहे. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा केला, आणि दर वेळी तो जुळला की मला थोडं बरं वाटायचं. तो हिशेब सुरुवातीपासून चुकलेला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

राहीमावशीच्या अंगणात तिचा मुलगा गोरक्ष बसला होता. मला बघून तो उठला. "कृपादानभाऊ, तुमी कसं काय? बायकू पडलीया, कावीळ झालीया. आई औषिद करतीया."

"औषध दिलं का पुष्पावतीला?"

"दिलंच असंल. सकाळी म्या टँकरच्या लायनीत हुतो." मग तो कुजबुजला, "दोघीबी बोलायच्या न्हाईत. परवापत्तुर."

मी आत गेलो. बाहेरच्या उजेडातून आलेलो, म्हणून आधी काही दिसेना. मग कोपऱ्यात वाकळेवर निजलेली पुष्पावती दिसली. विशी-बाविशीची पोर, हळद लावल्यासारखी पिवळी. श्वास चालू होता. राहीमावशी तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसली होती, आणि भिंतीतल्या कोनाड्यात एक नंबरची बाटली होती. मी ती खेचून घेतली. दोन बोटं उतरली होती. चांगली दोन बोटं.

"मावशी, हे हिला पाजलंत का?"

तिनं हात हलवून नाही म्हटलं.

"मग ही दोन बोटं कुठे गेली? मावशी, तुम्ही बाटली नेलीत म्हणून रागवायला मी आलेलो नाही. ह्यात विष आहे. पाल्यात नाही, पाला ज्यात भिजवलाय त्यात. खरं सांगा, किती दिलं? एक चमचा? दोन?"

तिनं पुन्हा हात हलवला. मग तिनं बोट उचलून स्वतःच्या डोळ्यांकडे नेलं, एकदा, दोनदा.

"हो, दिसतंय मला. डोळे पिवळेजर्द आहेत तिचे. ते काविळीचं आहे. मी विचारतोय दिलं किती?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणजे मला तसं वाटलं. माझा संताप झाला, खरं सांगतो. ज्या बाईमुळे मी जिवंत होतो, तिचे खांदे धरून मी तिला गदागदा हलवलं आणि ओरडलो, "बोला! तुम्ही गप्प बसलात तर ही मरेल!" तिचं तोंड घट्ट मिटलेलंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती भीती मला ओळखू आली, कारण ती माझीच होती. बोलले तर पोर मरेल, असं तिला वाटत होतं. नाही बोलली तर पोर मरेल, असं मला वाटत होतं. एकाच माणसासाठी आम्ही दोघं थरथरत होतो आणि एकमेकांच्या वाटेत उभे होतो.

मग मी पुष्पावतीशेजारी बसलो. "तू सांग, बाई. मान हलव नुसती. प्यायलीस का?" ती गुंगीत होती. मान हलली, पण होय म्हणून की नाही म्हणून, कळेना. मी गोरक्षाला पाणी मागितलं, तांब्यात स्पिरिट ओतलं, पाणी मिसळलं. झोपडीभर दारूचा वास झाला. गोरक्षाचा चेहरा बदलला.

"भाऊ, ह्या घरात ते नगं. आमचा बा ह्येच्यापायीच गेला. आईनं आन घातलीया."

"गोरक्ष, हाच उतारा आहे."

"आन ह्येनं तिला काय झालं तर?"

मी पुष्पावतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या ओठांशी नेला. त्याच वेळी राहीमावशी धडपडत उठली. तिला माझा हात धरायचा होता. तिनं हात पुढे केला आणि तो तांब्याच्या चांगला वीतभर बाजूनं गेला. तिनं पुन्हा चाचपडलं. हात माझ्या कानाला लागला.

मी तांब्या खाली ठेवला. तिच्या तोंडासमोर माझी बोटं हलवली. तिच्या पापण्या हलल्या नाहीत.

"गोरक्ष," मी म्हणालो, "आई काल संध्याकाळपासून काय करत होती?"

"काय न्हाई. बाजारातनं आली, द्येवाफुडं बसली, औषिद घेतलं."

"कुणी घेतलं?"

"आईनं," तो म्हणाला, जणू हे जगाला ठाऊक असायला हवं. "देनारा आदुगर घेतो की. सांजच्याला आपुन घ्यायचं, रात काढायची. बाधलं न्हाई तर मंग सकाळी रोग्याला. तुमालाबी असंच दिल्तं की."

तिच्या ओठांना लागलेलं ते हिरवं. बावीस वर्षं मी ते डोक्यात घेऊन फिरत होतो आणि कधी विचारलं नाही की ते तिथं कसं आलं.

बाटलीतली दोन बोटं तिच्या पोटात होती. सकाळपासून नव्हे, काल संध्याकाळपासून. सतरा तास. ती डोळ्यांना बोट लावून मला पुन्हा पुन्हा सांगत होती, की माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलंय, म्हणून मी पोरीला औषध दिलं नाही. आणि मी तिचे खांदे हलवत होतो.

धुकं आलं की समज, आपण उशिरा पोचलो. सरांचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. वाटलं, इथंच आडवं व्हावं आणि कुणीतरी दुसऱ्यानं येऊन बघावं. पण दुसरं कुणी नव्हतं. मी तांब्या घेऊन तिच्यासमोर बसलो.

"मावशी, हे तुम्ही घ्या. लगेच."

तिला वास आला. तिनं तोंड फिरवलं आणि पदर तोंडावर धरला. मी विनवलं, गोरक्षानं विनवलं, तो रडायला लागला. तिनं मान हलवली नाही. नवरा ज्या वासानं गेला, तो वास पाजायला मी आलो होतो, आणि मागच्या खेपेला मी दाखवलेल्या बाटलीनं काय केलं होतं, ते ती भोगत होती. तिनं माझ्यावर विश्वास तरी का ठेवावा?

मला दुसरं काही सुचलं नाही. मी पाळकाचा मुलगा, दारूचा थेंब कधी जिभेला लागला नव्हता. मी तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला आणि तांब्या तोंडाला लावला. एक घोट, दोन घोट, तीन. घसा जळला, डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या बोटांखाली माझा गळा हलत होता, ते तिला कळत होतं.

"आधी देणाऱ्यानं घेतलं, मावशी," मी म्हणालो.

मग तिनं तोंडावरचा पदर काढला. पण तांब्या हातात घेण्याआधी ती बोलली. परवापर्यंत न बोलायची आण असलेली बाई बोलली, आणि तिचा आवाज अगदी बारीक होता.

"पुष्पीला ते बाटलीतलं द्यावं का न्हाई, येवडं सांग. बाकी म्या कायबी पिते."

"देऊ नका. ते विष आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मंग न्हाई दिलं त्येच बरं झालं," ती म्हणाली, आणि चाचपडत तांब्या धरून प्यायली.

दहाचा टँकर पाणी ओतून परत निघाला होता. ड्रायव्हरनं काही न विचारता दोघींना केबिनमध्ये घेतलं. मी दारापाशी फळीवर उभा राहून खिडकीतून हात घालून तिला दर थोड्या वेळानं घोट पाजत होतो, आणि प्रत्येक घोटाआधी ती माझ्या गळ्याला हात लावून बघायची. नगर येईपर्यंत मला स्वतःला चढली होती. भीती मात्र जराही उतरली नाही. टँकरच्या प्रत्येक धक्क्याला मी तिचं नाव घेत होतो, आणि ती प्रत्येक वेळी हुं म्हणत होती.

डॉक्टर दाराशीच उभे होते. चार दिवस गेले. पुष्पावतीची कावीळ सलाईननं आणि पथ्यानं हळूहळू उतरली. राहीमावशी जगली. उजव्या डोळ्यानं उजेड आणि अंधार कळतो, डाव्यानं तेही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. माझी नोकरी जाईल म्हणून सर घाबरले होते. मला त्या नोकरीचं काही वाटेनासं झालं होतं. मी फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्यांवर लाल अक्षरांत मराठीत विष असं लिहिलं. मिठाच्या बाटलीवरसुद्धा लिहिलं.

त्या वर्षी पाऊस आला. ऑगस्टात गोरक्षाचा निरोप आला, आईनं बोलावलंय. वाघदऱ्यात एका घरी लहान मुलीला कावीळ झाली होती. मी म्हणालो, तिला नगरला घेऊन चला. मुलीच्या घरचे म्हणाले, घेऊन जाऊ, पण आधी राहीमावशीचं औषध, मग तुमचा डॉक्टर. राहीमावशी दारात बसली होती, पदराच्या गाठीला सुपारी आणि हळद बांधून. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. मी तो धरला.

झऱ्याकाठी हिरवंगार झालं होतं. भुईआवळा होता, आणि त्याच्याच उंचीचं, त्याच्यासारख्याच बारीक पानांचं दुसरंही तण होतं, दोन-तीन प्रकारचं. वाळवलेला भुईआवळा मी किलोनं कुटला होता. उगवलेला मी कधी खुडला नव्हता. तिनं खाली बसून एक डहाळी बोटांत धरली, उलटी केली, आणि पानांच्या पोटाला लागून बसलेल्या बारीक मण्यांची ओळ माझ्या अंगठ्याला लावून दाखवली. मग हात काढून घेतला. पुढचं मी खुडायचं होतं. मी प्रत्येक डहाळी उलटी करून बघितली. तरी मनात येत होतं, की ह्यात एखादी चुकीची आली तर? विचारायची सोय नव्हती. ती जवळच बसून कान देऊन होती आणि तिचे ते डोळे भलतीकडेच पाहत होते.

घरी येऊन मी पाला वाटला, ताकात कालवला, आणि पेला भरून तिच्या हातात दिला. तिनं तो माझ्याकडे परत सरकवला.

मी प्यायलो. कडू होतं. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि ओट्यावरून समोरचा डोंगर दिसत होता, त्याच्या माथ्यावरची तीन झाडं, डावीकडचं वाकलेलं. मी तिथंच बसून राहिलो. थोड्या थोड्या वेळानं डोळे मिटायचे, उघडायचे, आणि झाडं मोजायची. राहीमावशीनं अंदाजानं माझ्या बाजूला सरकून माझ्या पापणीवर बोट ठेवलं, आणि अंधार पडेपर्यंत ते तिथून काढलं नाही.

सकाळी झाडं तीनच होती. मी पेला भरला आणि त्या मुलीच्या घरी निघालो, एक शब्द न बोलता.